गाईंच्या ओळखीची गाडी

गुळगुळीत टायरच्या गाडीतून बायकोला लांबच्या रस्त्यावर पाठवणारा नवरा आपण नव्हे, असं वेंडेल स्वतःशी म्हणाला, आणि तिथंच सगळी घोडचूक झाली.

त्यांची लेक टेस बाळंतपणासाठी लांबच्या नॉर्थ प्लॅट शहरातल्या इस्पितळात होती. दिवस पुरे भरले नव्हते, डॉक्टर जपून बोलत होते, आणि फोन येताच तिची आई, मार्लिस, पावाचं पीठ परातीत तसंच सोडून उठली होती. दाराशी दोन पिकअप उभ्या. एक नवी पांढरी, एक जुनी हिरवी. हिरवीच्या टायरवर नखाएवढी खाच उरली नव्हती. मग काय, वेंडेलनं पांढऱ्या गाडीच्या पाठीवरचं पेंडीचं पिंप नटबोल्ट सोडवून खाली उतरवलं, टाकी भरली, काचासुद्धा पुसल्या.

"अरे, पण गाईंना पेंड कशातून टाकशील?" मार्लिसनं विचारलं.

"हिरवीतून. गाईंना पेंडीशी मतलब, गाडीच्या रंगाशी त्यांना काय करायचंय?"

"वेंडेल, त्या ह्याच गाडीला ओळखतात."

"गाई आहेत त्या, बँकेतल्या मॅनेजरीण नव्हेत ओळख लागायला. जा तू निर्धास्त. मी आहे ना! आणि काय असतं गं त्यात? पेंड टाकायची, वासरं मोजायची, घरी यायचं."

व्हरांड्यात आरामखुर्चीत बसलेल्या वेंडेलच्या सासूबाईंनी हे ऐकलं. ओपल त्यांचं नाव. ऐंशी कधीच ओलांडली होती, गुडघे कुरकुरत होते, पण जिभेला अजून गंज चढला नव्हता.

"जा गं बाई तू," त्या लेकीला म्हणाल्या. "काय असतं त्यात, ते तुझा नवरा मला दाखवणार आहे. मी खुर्ची जरा पुढेच ओढून घेते."

आता मार्लिस रोज काय करायची ते सांगायला हवं. हिवाळा लागला की सकाळी ती पांढरी गाडी घेऊन कुरणावर जायची. दोन छोटे हॉर्न, एक लांब. मग काच खाली करून डोकं बाहेर काढायची आणि गळा मोकळा सोडून हाक मारायची, "या गं बायांनो, या! या गं माझ्या पोरींनो, या!" टेकड्यांच्या घड्यांमधून काळ्याभोर गाई पळत सुटायच्या. प्रत्येकीला ती नावानं ओळखायची. सगळ्यांची पुढारीण होती पिंकनीबाई. मार्लिसच्या शाळेत पिंकनी नावाच्या एक मास्तरीणबाई होत्या, आणि ही गाय अगदी त्यांच्यासारखी मान तिरकी करून बघायची, म्हणून हे नाव. पिंकनीबाई निघाल्या की बाकीच्या मुकाट मागे.

वेंडेलला त्या हाकेची लाज वाटायची. शेजारीपाजारी आलेले असले की तो म्हणायचा, "हळू गं, लोक म्हणतील जेवणावळ आहे." तो स्वतः गाईंना कानातल्या बिल्ल्याच्या आकड्यानं ओळखायचा. आणि गाई त्याला कशावरून ओळखायच्या? तर सुई, दोर आणि बिल्ला मारायचा चिमटा यांवरून. हिरवी गाडी आली की कुणाला तरी टोचणार, कुणाचं तरी वासरू आडवं पाडणार, हे त्यांना पाठ झालेलं. त्यात वेंडेलचा दोष नाही, ती कामं कुणीतरी करायलाच हवीत. पण गाईंना हा हिशेब कसा समजावणार?

मार्लिस गेल्यावर ओपल रोज सकाळी म्हणायच्या, "अरे, एक फेरी मारून ये कुरणावर. गाडी दिसू दे त्यांना, थोडी पेंड पडू दे. सवय होईल."

"गवत फुटलंय आई. पोटभर चरताहेत. कशाला उगाच लाड?"

गवत फुटलं होतं हे खरंच. एप्रिलचं कोवळं, हिरवंगार, तळ्याकाठी तर घोट्यापर्यंत आलेलं. वेंडेल निवांत होता. त्यानं कुंपण दुरुस्त केलं, घोड्याचे नाल पाहिले, संध्याकाळी फोनवर बायकोला "सगळं झकास" म्हणून सांगितलं. टेसला मुलगी झाली होती, एवढीशी, पण रडणं खणखणीत. आजोबा झाल्याच्या आनंदात त्यानं सासूबाईंना स्वतः अंडी तळून घातली. "करपलीत," त्या म्हणाल्या, आणि सगळी खाल्ली.

आणि मग एका सकाळी रेडिओवर बातमी आली. वायव्येकडून वादळ येतंय, दुपारपर्यंत पोचेल, आधी पाऊस, मग ओलं बर्फ, आणि वारा असा की माणूस उभा राहणार नाही.

वेंडेलच्या हातातला कॉफीचा कप तसाच राहिला.

टेकड्यांच्या त्या मुलखात हिवाळ्याच्या बर्फाचं कुणाला भय नसतं. भय असतं ते वसंतातल्या या ओल्या वादळाचं. गाय अशा वेळी वाऱ्याकडे पाठ करते आणि चालू लागते. कुठं चाललो, पुढं काय आहे, काही बघत नाही. कुरणात वाऱ्याच्या नेमकं खाली तळं होतं, आणि तळ्यावर अजून वितळायचा राहिलेला, आतून ठिसूळ झालेला बर्फ. वेंडेल लहान असताना त्याच्या वडिलांचा अर्धा कळप असाच त्या तळ्यात चालत गेला होता. वादळ निवळल्यावर वडील काठावर टोपी हातात घेऊन उभे होते, ते त्यानं पाहिलं होतं. त्यानंतर वडील पुन्हा मोठ्यानं हसलेले त्याला आठवत नव्हते.

आणि आज घरच्या सगळ्या लेकुरवाळ्या गाई, दोन-दोन आठवड्यांच्या वासरांसकट, त्याच तळ्याकाठी चरत होत्या. त्यांना पवनचक्कीच्या टेकडीवरून अलीकडे, सीडरच्या झाडांच्या दाट रांगेआड आणायला हवं होतं. म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर. शेजाऱ्यांना हाक मारायची सोय नव्हती. आज प्रत्येकजण आपापल्या गाईंमागे धावत असणार.

आधी त्यानं ट्रॅक्टरवर गवताचा गठ्ठा घालून नेला. गाईंनी मानसुद्धा वर केली नाही. तोंडाशी हिरवा चारा असताना वाळलेलं कोण खातं? मग घोडा आणि कुत्रं घेऊन मागून हाकायला गेला. हाकलं की गाई चार पावलं जायच्या, वासरं मागे राहायची, की आया वळून परत. एकीनं तर कुत्र्यालाच शिंगावर घेतलं असतं, पण तिला शिंगं नव्हती म्हणून डोक्यानं उडवलं. कुत्रं जे घरी पळालं ते खाटेखाली जाऊन बसलं. शेवटी वेंडेलनं हिरव्या गाडीत पेंडीची पोती टाकली आणि कुरणात उतरला. हॉर्न वाजवला. जुन्या गाडीचा हॉर्न तो, घसा बसलेल्या बदकासारखा. गाईंनी माना उचलल्या, हिरवा रंग बघितला, आणि शेपट्या उभारून पळाल्या त्या थेट तळ्याच्या काठापर्यंत. पिंकनीबाई सर्वांत पुढे.

वेंडेलच्या तोंडचं पाणी पळालं. आभाळ वायव्येकडे शिशासारखं झालं होतं. पहिले थेंब काचेवर आडवे येऊन फुटत होते.

तो घरी आला तो चिखलानं माखलेला. ओपल दारातच उभ्या होत्या.

"येत नाहीत ना?"

"नाही आई." एवढंच बोलला, आणि खाली बसला. "ही गाडी बघून पळतात. माझा आवाज ऐकून पळतात. त्यांना ती हवी. तिची गाडी हवी. मीच उठून दिली, काचा पुसून दिली."

खरं तर सासूबाईंना टोमणा मारायला याहून चांगली वेळ मिळाली नसती. पण त्या काठी टेकत आत गेल्या, कपाटात खुडबुड केली आणि एक पिवळा भोंगा घेऊन बाहेर आल्या. जिल्ह्याच्या जत्रेत मेंढीवर बसायच्या पोराटोरांच्या शर्यतीचं निवेदन ओपल करायच्या, तीसेक वर्षं, तेव्हाचा तो भोंगा.

"सेल बदलते," त्या म्हणाल्या. "तू मोबाइल घे. टेकडीवर फोन लागतो ना? मग लाव बायकोला. गाडी तिच्याकडे आहे, आवाज तिच्याकडे आहे. आपल्याकडे भोंगा आहे."

वेंडेल बघतच राहिला. "आई, हे असं कुठं होतं का?"

"तुझ्याकडे दुसरं काही आहे का? नाही ना? मग चल. आणि माझा कोट दे. गाडी मी चालवणार. तू भोंगा धरशील की चाक?"

पवनचक्कीच्या टेकडीवर वारा दार उघडू देत नव्हता. वेंडेलनं फोन लावला. तिकडे घंटी वाजत राहिली, वाजत राहिली, आणि मग मार्लिसचा दबका आवाज आला, "अरे, बाळ आत्ताच झोपलंय. काय झालं?"

त्यानं सांगितलं. अगदी सगळं सांगितलं, ट्रॅक्टर, घोडा, हिरवी गाडी, तळं.

मग मार्लिस म्हणाली, "फोन ठेवू नकोस. मी खाली गाडीशी जातेय." तिची धावती पावलं ऐकू येत होती, लिफ्टची घंटा, कुणाला तरी "सॉरी, सॉरी" म्हणणं, मग दाराचा धाडकन आवाज. "धर. बायांच्या दिशेनं धर."

वेंडेलनं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून फोन भोंग्याच्या माइकशी लावला. आणि शेकडो मैलांवरच्या इस्पितळाच्या गाडीतळावरून पांढऱ्या गाडीचा हॉर्न टेकडीवर वाजला. दोन छोटे, एक लांब.

खाली तळ्याकाठी एक काळी मान वर झाली.

"पुन्हा!" वेंडेल ओरडला. "पुन्हा, मार्लिस!"

पुन्हा दोन छोटे, एक लांब. तेवढ्यात फोनमध्ये एक पुरुषी आवाज घुसला. "ओ बाई! हे इस्पितळ आहे! हॉर्न बंद करा!"

"मी गाईंना बोलावतेय!" मार्लिस रडकुंडीला आली होती. "वादळ आलंय आणि माझ्या गाई तळ्यावर आहेत, माझा नवरा तिकडे एकटा आहे!"

"एकटा काय म्हणतेस गं," चाकामागून ओपल पुटपुटल्या. "मी मेले की काय?"

तिकडच्या पहारेकऱ्याचा आवाज खाली आला. मग म्हणाला, "तळ्यावर? आमच्याही गेल्या होत्या एकदा. वाजवा बाई. मी इथं उभा राहतो. कुणी आलं तर माझ्यावर येऊ दे. चांगला दाबून वाजवा."

त्या माणसाचं नाव वेंडेलला कधीच कळलं नाही. पण पुढे आयुष्यभर जेवणाआधी डोळे मिटून देवाचे आभार मानताना तो या माणसासाठी एक शब्द जास्त म्हणायचा, आणि सूप निवलं तरी त्याची फिकीर करायचा नाही.

हॉर्न वाजला, आणि त्यामागोमाग ती हाक आली. भोंग्यातून जरा चिरकी, जरा फाटलेली, पण तीच. "या गं बायांनो, या! या गं माझ्या पोरींनो! पिंकनीबाई, चला, पुढं व्हा!"

ज्या हाकेची वेंडेलला लाज वाटायची, ती ऐकून त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पिंकनीबाई वळल्या. तोंडावर वारा, डोळ्यांत पाऊस, पण वळल्या. वासराला हंबरून हाक दिली आणि टेकडी चढू लागल्या. मागून एक, मग दोन, मग सगळ्या जणी, आणि त्यांच्या पोटांना चिकटून वासरं.

"येताहेत!" तो फोनमध्ये ओरडला. "मार्लिस, येताहेत गं! ऐकतेस का? तुझ्या—"

फोन मेला होता. रेंज गेली की बॅटरी, देवाला माहीत.

गाई टेकडीच्या अर्ध्यावर थांबल्या. हिरवी गाडी त्यांना आता स्वच्छ दिसत होती. पिंकनीबाईंनी मान तिरकी केली.

"ओरड!" ओपल म्हणाल्या.

"मी?"

"मग काय मी? माझा घसा गाडीत बसल्या बसल्या तिथपर्यंत पोचेल का? तिचे शब्द म्हण. तिच्यासारखं म्हण. ओरड बाबा, लाजतोस काय, इथं तुला बघायला आहे कोण, मी आणि गाई!"

वेंडेलनं भोंगा तोंडाला लावला. आयुष्यभर ज्या माणसानं गाईंना "हुर्र" आणि "हट" याखेरीज काही म्हटलं नव्हतं, तो म्हणाला, "या गं बायांनो." आवाज घोगरा निघाला. एक गाय मागे सरली. त्यानं घसा खाकरला, डोळे मिटले, आणि मार्लिस कशी म्हणते ते आठवलं. सकाळच्या थंडीत, तोंडातून वाफ निघत असताना, जणू दारात पाहुणे आलेत अशा आनंदानं. "या गं बायांनो, या! या गं माझ्या पोरींनो, या! पिंकनीबाई, या हो, चुकलं माझं, या!"

ओपलनी गाडी हळूहळू अलीकडच्या उतारावर घेतली. वेंडेल मागच्या फळीवर उभा राहून एका हातानं पोतं फाडून पेंड सांडत होता, दुसऱ्या हातानं भोंगा धरून ओरडत होता. पिंकनीबाईंनी खाली पडलेली पेंड हुंगली. एक तुकडा खाल्ला. मग एक पाऊल पुढे टाकलं, आणि मग मात्र थांबल्या नाहीत.

सीडरच्या रांगेआड शेवटची गाय आली तेव्हा पावसाचं बर्फ झालं होतं. एक वासरू मागं राहिलं होतं. वेंडेल पायी परत गेला आणि ते खांद्यावर घालून आला. ओपलनी ते गाडीत आपल्या पायांपाशी घेतलं, हीटर त्याच्यावर सोडला, आणि स्वतःचा कोट काढून त्याला पुसलं. "रविवारचा कोट होता," त्या म्हणाल्या, पण पुसायच्या थांबल्या नाहीत.

मग वादळानं जे काय करायचं ते केलं. दारं धडधडली, वीज गेली, मोबाइल चार्ज होईना, घरच्या फोनची तार तुटली. वेंडेल दोरी धरून झाडांपर्यंत जायचा, गाईंमधून फिरायचा, परत यायचा. दोघं चुलीपाशी बसून डब्यातले बीन्स खायची.

"आई," एकदा तो म्हणाला, "मी म्हणायचो, माझ्या गाई."

"म्हणायचास खरा."

"माझ्या कसल्या. तिच्या आहेत. मी फक्त टोचतो. रोज सकाळी ती एवढं सगळं करत होती आणि मी म्हणायचो, काय असतं गं त्यात. एकदा तिला थँक्यू म्हटलं नाही. एकदाही नाही आई."

"मला काय सांगतोस? तिला सांग." ओपलनी त्याच्या ताटलीत उरलेले बीन्स ढकलले. "आणि खा. बरा आहेस तू. उशिरा कळतं, पण कळतं."

वेंडेलला एकच गोष्ट टोचत होती. मार्लिसनं फोनवर शेवटचं काय ऐकलं? "येताहेत" हे ऐकलं, की त्याआधीच फोन मेला होता? ती तिकडे काय समजून बसली असेल? वडिलांची गोष्ट त्यानं तिला लग्नाआधीच सांगितली होती.

वादळ निवळलं. ऊन पडलं, बर्फ डोळ्यांत खुपू लागलं. तळ्यावरचा बर्फ पूर्ण फुटला होता आणि काळं पाणी काठाला आपटत होतं. वेंडेलनं काठावर उभं राहून टोपी काढली, वडिलांनी काढली होती तशी, पण डोळे मिटून देवाला म्हणाला, "उपकार झाले बाबा तुझे." मग परत येऊन झाडांआड पेंड टाकू लागला. वासरं एकमेकांना ढुश्या देत होती.

रस्ता मोकळा झाल्याची खबर कशी मिळावी? तार तुटलेलीच होती. ती मिळाली ती अशी.

दुपारची वेळ. लांब वळणापलीकडून, जिथून घर अजून दिसतही नाही, तिथून एक हॉर्न आला. दोन छोटे, एक लांब. मग थांबला. जणू वाजवणारी कान देऊन ऐकत होती, पलीकडे कुणी उरलंय का ते.

पिंकनीबाईंनी पेंड सोडली. मान वर केली. आणि असा काही हंबरडा फोडला की सीडरवरचं बर्फ खाली आलं. मग दुसरी हंबरली, मग तिसरी, मग सगळ्या जणी एकदम, वासरांचे चिरके आवाज मिसळून. तो गलका टेकड्यांवरून थेट रस्त्यापर्यंत गेला असणार, कारण हॉर्न पुन्हा वाजला, आणि या वेळी सुटलाच नाही, लांबच लांब, वेड्यासारखा वाजत राहिला. गाई कुंपणाकडे पळत सुटल्या.

वेंडेलनं हातातलं पोतं टाकलं. टोपी पडली, ती उचलली नाही. बर्फातून, चिखलातून, गाईंच्या मधून तो पळत सुटला. पिंकनीबाईंना मागे टाकून कुंपणाशी पोचला आणि तारेवर पोट टेकून दोन्ही हात हलवत ओरडू लागला, "ये गं बाई, ये! ये गं, ये! थँक्यू गं! थँक्यू!"

व्हरांड्यात ओपलनी खुर्ची पुढे ओढली.

"बघा," त्या खाटेखालून बाहेर आलेल्या कुत्र्याला म्हणाल्या, "सगळ्यांत आधी कोण पोचलं ते."